गाडीच्या पोटाखालचा पत्रा

आमच्या गाडीचं चेंबर दुसऱ्यांदा फुटलं, ते खाडीवरच्या पुलाकडे जाताना. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं, हे मला ते पहिल्यांदा फुटलं तेव्हा कळलं होतं. त्याआधी बरीच वर्षं मी गाडी चालवत होते, पण तिच्या पोटात काय काय आहे याची चौकशी करायची वेळ कधी आली नव्हती. या वेळीही तसंच, रस्त्याच्या कामावरचा एक दगड, खालून एक दणका, मग समोर लाल दिवा आणि मागे डांबरावर तेलाची लांबच लांब रेघ. मी इंजिन बंद केलं, काचा वर केल्या आणि पाच मिनिटं तोंडाला येईल ते बोलले. मग मेकॅनिकला फोन लावला.

गाडी सतरा वर्षांची होती. नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं, विकून टाकू. तो पुण्याला नोकरीला, घरी येणार शनिवार-रविवारी, त्यामुळे गाडीशी त्याचं नातं पाहुण्याएवढंच. मी मात्र रोज कोपरहून कोलशेतला जायचे. तिथल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. पूल झाल्यापासून वाट निम्मी झाली होती, आणि सकाळचा तेवढा वेळ मला कुणाशीही न बोलता मिळत होता. सासू-सासऱ्यांसोबत राहणाऱ्या बाईला ही चैन कशी सोडवेल? शिवाय मी हट्टी आहे. एखादी वस्तू टाकून दे म्हटलं की ती मला जास्तच आवडायला लागते.

मेकॅनिक आमच्याच गल्लीच्या टोकाला असतो. त्याने जुन्या बाजारातून दुसरं चेंबर आणून बसवलं आणि मला स्पष्ट सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं आणि माझ्या लक्षात यायला उशीर झाला, तर इंजिनच जाईल. खालून चेंबर गार्ड लावा, म्हणजे चेंबरच्या खाली एक जाड पत्रा. दगड लागला तर त्याला लागेल. पण एवढ्या जुन्या गाडीचा तयार गार्ड आता कुठे मिळत नव्हता. लोखंडाचा बनवून घेता आला असता, पण गाडीच्या स्प्रिंगा आधीच बसलेल्या, त्यात ते वजन पुढे लटकवलं तर नाक जमिनीला टेकायचं.

हे सगळं मी त्या संध्याकाळी जेवताना सांगत होते. सासूबाई ऐकत होत्या. सासरे खाली बघून भाकरी मोडत होते. आणि मान वर न करताच ते म्हणाले, "लोखंड नको. अ‍ॅल्युमिनियम. चार एमएम. कडा वर वळवायच्या."

एवढंच बोलले आणि पुढचा घास घेतला. पण सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. गेल्या तीन वर्षांत अ‍ॅल्युमिनियम, एमएम, कडा हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले नव्हते.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबांनी सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात केली. त्यांचं काम मार्किंगचं. कोऱ्या पत्र्यावर कुठे कापायचं, कुठे वाकवायचं, कुठे भोक पाडायचं, त्याच्या रेघा ते स्क्रायबरने, म्हणजे टोकदार सळईने ओढायचे, आणि मग मशीनवाले त्या रेघेवर मशीन चालवायचे. बाबांची रेघ कुणी परत मोजत नसे, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगतात. निवृत्त झाल्यावरही मालक त्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलवायचे. मालक म्हणजे कोण, तर पूर्वी बाबांच्याच हाताखाली उमेदवारी केलेला माणूस; त्याने पुढे तो कारखाना चालवायला घेतला.

तिथेच एकदा विजेच्या पॅनेलची दारं बनत होती. बाबांनी खुणा केल्या, भोकं पडली, आणि सगळ्या दारांची कुलपं बोटभर बाजूला गेली. अख्खा लॉट भंगारात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो कुणालाच कळला नव्हता, आणि बाबांना तर मुळीच नाही. मालकांनी फक्त चहा मागवला. बाबांनी तो प्यायला, घरी आले, आपला स्क्रायबर, खूण ठोकायचा पंच, स्टीलची पट्टी आणि काटकोनाचा गुण्या असं सगळं एका जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिलं.

पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे लख्ख झाले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणाचे कपडे वाळताहेत हे ते आम्हाला गॅलरीतून सांगायचे. पण हाताने काही करायचं म्हटलं की मागे सरायचे. नळाचा वॉशर बदलायलाही प्लंबर यायचा, आणि बाबा पाठीमागे हात बांधून त्याच्याकडे बघत उभे राहायचे. प्लंबर चुकतोय हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसायचं. तरी बोलायचे नाहीत. "माणूस घरात आहे, पण हात कुठेतरी ठेवून आलाय," असं सासूबाई एकदा मला म्हणाल्या, आणि लगेच कुकरकडे वळल्या.

तेव्हा त्या संध्याकाळी मी ठरवलं, की हा पत्रा बाबाच करणार. खरं सांगायचं तर गाडीचं मला तेवढं नव्हतं. ती गेली असती तर मी चार दिवस धुसफुसले असते आणि विसरले असते. पण हा माणूस पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवतो की नाही, हे मला बघायचं होतं. अशी संधी पुन्हा येईल असं वाटत नव्हतं.

सरळ सांगितलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. मालकाला फोन करतो, तो करून देईल, असं म्हणालेही. मी म्हटलं, पण माप कोण देणार? त्यावर ते म्हणाले, पुठ्ठ्याचा नमुना कापावा लागेल. गाडीखाली झोपून पुठ्ठा वर धरायचा आणि बोल्ट कुठे येतात त्या खुणा करायच्या. पण माझ्या गुडघ्यांना ते जमणार नाही, म्हणाले. मी झोपते, मी म्हटलं, तुम्ही नुसतं सांगा. नुसतं सांगायला काय हरकत आहे, असं त्यांनाही वाटलं असावं.

आता पुठ्ठा. जाड, सपाट आणि दोन हात रुंद पुठ्ठा घरात एकच होता, कपाटाच्या मागे उभा केलेला. सोसायटीच्या गणपतीत प्रवेशद्वाराशी लावलेला तो फलक. मधोमध गणपतीचं मोठं रंगीत चित्र, भोवती रिकामी जागा. उत्सव झाल्यावर सोसायटीवाले तो कचऱ्यात टाकणार होते, म्हणून सासूबाईंनी घरी आणला. देवाचं चित्र आमच्याकडे कचऱ्यात जात नाही. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, उदबत्तीच्या पुड्यांवरची लक्ष्मी, सगळं त्या कपाटामागे जमा होत राहतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याचं रीतसर विसर्जन होतं.

सासूबाई फलक द्यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. देवाला कात्री लागता कामा नये. जे काय कापाल ते बाहेरच्या कडेला, आणि काम झालं की देव परत घरी. मी कबूल केलं. बाबांनी चित्राभोवतीच्या जागेचा अंदाज घेतला आणि पुरेल म्हणाले. फक्त तेल सोडायचा बोल्ट जिथे येतो तिथलं भोक उंदराच्या शेपटीच्या अगदी जवळून जाणार होतं. सासूबाईंनी त्या ठिकाणी स्वतः बोट ठेवून बघितलं आणि मगच होकार दिला.

रविवारी मेकॅनिकने गाडीचं नाक टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवलं. मी एक जुना फ्लेक्स अंथरून खाली सरकले. बाबा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. मला दिसत होत्या त्यांच्या चपला. डाव्या बोल्टपासून सुरुवात कर, पुठ्ठा घट्ट दाबून धर, पेन्सिल आरपार घाल, असं ते सांगत होते आणि मी करत होते. इंजिनातून अजून तेलाचे थेंब गळत होते. ते चित्रावर पडायला नकोत म्हणून मी पुठ्ठ्याची कोरी बाजू वर, इंजिनाकडे केली आणि देव माझ्याकडे, खाली. तसं ओरडून बाबांना सांगितलंही. बरं केलंस, म्हणाले. मग मी देवाच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत "पुढे" असं लिहिलं आणि बाहेर आले. माझ्या केसांत तेल, आणि बाबांच्या चेहऱ्यावर हसू. ते हसू मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर फार वेळा नाही.

नमुना कापून झाल्यावर तो कारखान्यात कुणी न्यायचा, हा प्रश्नच आला नाही. पुढच्या शनिवारी मी कामावरून आले तेव्हा कळलं, की बाबा स्वतःच माळ्यावरचं गाठोडं काढून, पुठ्ठा चादरीत बांधून, रिक्षा-बस करत वागळेला जाऊन आले होते. मार्किंगही त्यांनीच केलं होतं. तयार पत्रा भिंतीला टेकवून ठेवला होता. पांढरा, स्वच्छ, तीन कडा वर वळवलेल्या, कुठे एक खरखर नाही. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी आपली खूश. नवऱ्याला म्हटलं, बघ, आणि तू गाडी विकत होतास.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पत्रा बसेना.

मेकॅनिकने खालून वर धरला, एक बोल्ट कसाबसा घातला, आणि दुसऱ्याचं भोक जमेना. चौथं तर बरंच लांब. तेल सोडायच्या बोल्टाचं भोक तीन बोटं बाजूला. "काका, हे जमत नाय," तो खालून म्हणाला. "सगळीच भोकं थोडी थोडी हललीत."

बाबा खुर्चीवरून उठले. आणि तेव्हा मी जे बोलले ते मला आजही टोचतं. उन्हात दोन तास गेले होते, माझं डोकं तापलं होतं, हे काही कारण नव्हे. मी मेकॅनिकच्या समोर म्हटलं, "बाबा, एवढं साधं माप होतं."

"हो," ते म्हणाले.

आणि घरी निघाले. मी पत्रा आणि नमुना डिकीत टाकून मागून आले, तोवर त्यांनी अवजारं परत धोतराच्या तुकड्यात गुंडाळली होती. या वेळी माळ्यावर नाही ठेवली. दाराशी ठेवली, आणि सासूबाईंना म्हणाले, की भंगारवाला आला तर हे देऊन टाक. सासूबाईंनी ते गाठोडं उचलून देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवलं आणि फडताळाला कडी लावली. दिवसभर घरात भांड्यांचेच आवाज येत राहिले. नवरा संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेला, जाताना विकण्याचं पुन्हा बोलला, आणि मी भांडलेसुद्धा नाही.

सोमवारी मी रजा घेतली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. बाबा सकाळी फिरायला गेले होते. सासूबाईंनी मला अट आठवून दिली, की देव अजून गाडीच्या डिकीत आहे. मी खाली जाऊन पत्रा आणि पुठ्ठा दोन्ही वर आणलं. पुठ्ठा कपाटामागे सरकवणार होते, पण राहवेना. बघू तरी किती चुकलंय, म्हणून पत्रा हॉलमध्ये फरशीवर मांडला आणि गाडीत बसतो तसा, देव खाली, कोरी बाजू वर, असा पुठ्ठा त्यावर ठेवला. नाही जमलं. सगळी भोकं इकडेतिकडे, मेकॅनिक म्हणाला होता तशी.

मागून सासूबाईंचा आवाज आला, की अगं देवाला असं तोंडावर काय टाकतेस फरशीवर. मी चटकन पुठ्ठा उलटा केला. चित्र वर आलं. आणि पुठ्ठ्याचं प्रत्येक भोक पत्र्याच्या भोकावर जाऊन बसलं. चारही बोल्टांची. उंदराच्या शेपटीजवळचंही. मी डोळा लावून पाहिलं तर खालच्या फरशीचा नुसता ठिपका दिसत होता, कुठे पत्र्याची कड आत आलेली नव्हती.

मी प्रयोगशाळेत काम करते. केसाच्या वजनानेही आकडा हलतो असा तराजू माझ्या टेबलावर आहे. अचूक म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. तो पत्रा अचूक होता. फक्त डाव्या हाताचा उजवा झाला होता. पंजा पालथा केला की अंगठा दुसरीकडे जातो तसा. मी तिथेच फरशीवर बसले आणि मला रडू आलं. सासूबाई घाबरल्या. त्यांना समजावून सांगायला मला दोनदा पुठ्ठा उलटसुलट करावा लागला, आणि दोन्ही वेळा त्यांनी देव पालथा झाल्यावर नमस्कार केला.

बाबा आले तेव्हा आम्ही दोघी पत्र्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. ते बघून ते आत निघाले. मी म्हटलं, "बाबा, माप चुकलेलं नाही. एक सूतसुद्धा चुकलेलं नाही. या, बघा."

ते उभेच राहिले. मी पुठ्ठा ठेवून दाखवला. त्यांनी आधी लांबून पाहिलं, मग भिंतीला धरून खाली बसले. दुखरे गुडघे वाकवून जमिनीवर बसले. एका भोकावरून बोट फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं. आणि म्हणाले, "कारखान्यातलं टेबल तू बघितलं नाहीस. पत्र्याचा कीस पडलेला असतो, तेलकट असतं. त्यावर देव पालथा कसा घालणार?"

मग हळूहळू सगळं सांगितलं. गाडीत देव खाली, म्हणजे पत्र्यावर खुणा करतानाही देव खाली ठेवायला हवा होता, हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं. पुठ्ठा तसा धरलाही. पण खाली ठेवायला हात धजला नाही. मग त्यांनी देव वर ठेवून खुणा केल्या, आणि मनाशी ठरवलं, की मशीनवाल्याला कडा उलट्या बाजूने वाकवायला सांगायचं. म्हणजे हिशेब बरोबर. तेवढ्यात जुने लोक भेटले, चहा आला, तीन वर्षांची विचारपूस सुरू झाली. मशीनवाला बाबांच्या खुणा वर्षानुवर्षं ओळखणारा. खुणांची बाजू नेहमी आत ठेवून कडा वळवायच्या, हा बाबांनीच त्याला घालून दिलेला नियम. त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

"बरोबरच केलंत," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. त्यांच्या लेखी तिथे चूक झालीच नव्हती.

बाबा हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. मग म्हणाले, पट्टी कुठाय? सासूबाईंनी फडताळाची कडी काढून गाठोडं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी पट्टी घेऊन स्वतः एकेक अंतर मोजलं, पुठ्ठ्यावर आणि पत्र्यावर. माझं ऐकून नाही, आपल्या डोळ्यांनी बघून त्यांची खात्री झाली, आणि मला तेच हवं होतं. मी त्यांची माफी मागितली. गॅरेजमध्ये बोलले ते चुकलं, म्हटलं. त्यांनी पट्टीचं दुसरं टोक धरायला मला दिलं.

मी विचारलं, याच्याच कडा उलट्या वाकवून घेता येतील का? नाही, म्हणाले. अ‍ॅल्युमिनियम एकदा वाकलं ते वाकलं. त्याच रेघेवर परत उलटं वाकवलं तर चीर जाते, आज नाही दिसली तर महिन्याने दिसेल. नवा पत्राच घ्यावा लागेल. आणि पुढे काय, हे मी विचारायच्या आत त्यांनी मला विचारलं, "उद्याही रजा मिळेल का तुला?"

त्या दुपारी त्यांनी वह्यांना घालतात तो खाकी कागद आणायला लावला. पुठ्ठ्यावरून त्यावर नमुना उतरवला आणि चारही कडांना लिहिलं: पुढे, मागे, डावी, उजवी. मधोमध मोठ्या अक्षरांत, ही बाजू इंजिनाकडे. गणपती कपाटामागे परत गेला.

मंगळवारी मी त्यांना घेऊन वागळेला गेले, गार्ड नसलेली गाडी खड्ड्या-खड्ड्याला जपत. मालक दारातच भेटले. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं. बाबांना ते दादा म्हणतात. पत्रा बसला नाही हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं, आणि ते अवघडले होते हे दिसत होतं. मार्किंग आमच्या माणसाकडून करून घेऊ का, असं त्यांनी फार सांभाळून विचारलं.

"नको," बाबा म्हणाले. "रेघ मी ओढतो."

मी ते काम पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी टेबल आधी फडक्याने पुसलं. पत्रा ठेवला, कागद चिकटवला, पंचाने भोकांच्या जागी टिचक्या मारल्या. मग कागद काढून पट्टी लावली आणि स्क्रायबर धरला. सगळ्या मशीनचा आवाज चालू होता आणि त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. रेघ ओढायच्या आधी ते क्षणभर थांबले. मला वाटलं, आता हात मागे घेणार. त्यांनी श्वास सोडला आणि एकाच दमात रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत मोजली नाही. दुसरी ओढायला घेतली.

वाकवताना ते मशीनच्या शेजारी उभे होते. चहा आला तर म्हणाले, तिकडे ठेव. "खुणांकडे वळव. आत," असं त्यांनी मशीनवाल्याला दोनदा सांगितलं, आणि मशीनवाला म्हणाला, हो दादा, तसंच तर करतो मी. सगळे हसले. बाबासुद्धा.

निघताना मालक आमच्याबरोबर गाडीपर्यंत आले. इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, की एक अवघड जॉब आलाय, ड्रॉइंग कुणाला नीट लागत नाहीये. तुम्ही एकदा नजर घातली असती तर. "मी मागेच बोलणार होतो, दादा. पण तुम्ही आलाच नाहीत." बाबांनी पत्रा मागच्या सीटवर ठेवला. आधी हा बसू दे, म्हणाले, आणि गाडीत बसले.

रविवारी पत्रा बसला. चारही बोल्ट हाताने फिरवून आत गेले, मेकॅनिकला पाना फक्त शेवटी घट्ट करायला लागला. तेलाच्या बोल्टाचं भोक बरोब्बर मधोमध. मेकॅनिक खालून बाहेर येऊन म्हणाला, की काका, माझ्या आणखी दोन गिऱ्हाइकांना पाहिजे आहे असा. बाबा म्हणाले, बघू. ते सारखं बघू, बघूच म्हणत होते. पत्रा बसला होता, पण त्याला अजून दगड लागला नव्हता.

सोमवारी सकाळी मी कामाला निघाले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. गाठोडं हातात. मला वागळेला सोडशील का, म्हणाले. ते माझ्या वाटेवर नव्हतं आणि मला उशीर होणार होता. मी म्हटलं, चला.

पुलाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालूच होतं. मी हळू होते, पण समोरून डंपर आला, मला बाजूला घ्यावं लागलं, आणि खालून असा दणका बसला की माझे दात वाजले. पत्र्यावर दगड घासत गेल्याचा आवाज पायांखालून मागेपर्यंत गेला. मी गाडी कडेला घेतली. तेल गेलं असतं तर इंजिन गेलं असतं, पण मला भीती त्याची नव्हती. मला शेजारी बसलेल्या माणसाची भीती वाटत होती. पत्र्याने दगा दिला असता तर हा माणूस इथूनच माघारी फिरला असता, आणि मग त्याला कुणीही वागळेला नेऊ शकलं नसतं.

मी उतरले, ओढणी कमरेला खोचली आणि चिखलात गुडघे टेकून गाडीखाली वाकले. पत्र्यावर एक लांब ओरखडा होता, चकचकीत, ताजा. तेलाचा थेंब नव्हता. मी बोट लावून बघितलं, मागच्या बाजूने बघितलं, परत पुढून बघितलं. चेंबर कोरडं ठणठणीत.

वर येऊन पाहते तर बाबा जागचे हलले नव्हते. मांडीवर गाठोडं घेऊन खाडीकडे बघत बसले होते. मी खिडकीतून विचारलं, "बाबा, तुम्हाला बघायचं नाही का?"

"बघायचं काय त्यात," ते म्हणाले. "मी केलाय तो."